एकाच डबक्यात दोन जाती: भैकेरांची वाढ कशी नोंदवायची आणि संकराचा संशय कसा तपासायचा

जुलै अर्धा सरला की चिरेखाणीत साठलेल्या पाण्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. एकाच डबक्यात दोन मापांचे भैकेर, काठावर दोन तऱ्हेची बारकी पिल्लं, आणि खाली प्रश्न: ही दोन जातींची मिसळ तर नव्हे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर फोटोत सापडत नाही. मृगाच्या सरींपासून गणपतीपर्यंत त्याच डबक्यावर नेमाने जाऊन केलेल्या नोंदींतून ते निघतं. आणि बहुतेक वेळा त्या उत्तरात संकर कुठेच नसतो. असते ती पाण्याची खोली, ऊब, गर्दी, त्यातलं खाणं आणि त्यातले खाणारे. म्हणून आधी टॅडपोलची, म्हणजे भैकेराची, वाढ मोजायला शिकायचं आणि संकराचं नाव नंतर काढायचं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, चिरेखाणी आणि भाताचे कुणगे डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लिहिला आहे.

दोन जाती भिडल्या तर काय काय होऊ शकतं

बेडकांत फलन शरीराबाहेर होतं. नर मादीच्या पाठीवर बसून तिला पुढच्या पायांनी आवळतो, ती अंडी सोडते आणि तो त्यांवर शुक्राणू सोडतो. हंगामातला नर फारशी चौकशी करत नाही. दुसऱ्या जातीची मादी, दुसरा नर, कधी पाण्यात पडलेली चप्पलसुद्धा तो धरून ठेवतो. त्यामुळे भेकाने, म्हणजे टोडने, शेतातल्या बारक्या क्रिकेट बेडकाला आवळलेलं दिसलं, म्हणून संकर झाला असं होत नाही. त्यांची कुळंच वेगळी, त्या मिठीतून काही निघत नाही.

जवळच्या जातींत मात्र अडथळे टप्प्याटप्प्याने येतात. काही जोड्यांत अंडं फळतच नाही. काहींत पेशींचं विभाजन व्यवस्थित सुरू होतं आणि गॅस्ट्रुला, म्हणजे पेशींचे थर आत वळून घडणारी अवस्था, बनण्याच्या तोंडावर गर्भ थांबतो. अमेरिकेतल्या लेपर्ड फ्रॉग आणि वुड फ्रॉग यांच्या संकरात जॉन मूर यांनी १९४० च्या दशकात हेच पाहिलं. काहींत भैकेर बाहेर येतात पण खुरटतात. काहींत पिल्लू धड पाण्याबाहेर पडतं, मोठं होतं आणि वांझ निघतं. आणि काही जोड्यांची संतती चांगली धडधाकट असते, तिला पुढे पिल्लंही होतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये नियम मांडला, की संकरात एकच लिंग कमी, गैरहजर किंवा वांझ निघत असेल, तर ते वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असणारं लिंग असतं. हेच हाल्डेन पुढे भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. बेडकांत काही जातींत असं लिंग नर असतं, काहींत मादी, आणि गुणसूत्रं पुष्कळदा दिसायला सारखीच असतात. त्यामुळे हा नियम डबक्याच्या काठावर वापरायचा नाही.

जगातली तीन उदाहरणं माहीत असलेली बरी, कारण तिन्हींत खरी गोष्ट भैकेरांच्या वाढीची आहे.

पहिलं युरोपातलं. लिनियस यांनी १७५८ मध्ये जात म्हणून नाव दिलेला तिथला हिरवा खाद्य बेडूक प्रत्यक्षात दोन जातींचा संकर आहे, हे पोलंडच्या लेशेक बेर्गर यांच्या १९६० च्या दशकातल्या प्रजनन प्रयोगांतून समोर आलं. हा संकर आपल्या जननपेशी बनवताना सहसा एका पालकाचा जनुकसंच टाकून देतो आणि दुसऱ्याचाच पुढे पाठवतो. टिकून राहायला त्याला सहसा दर पिढीत मूळ जातीशी जोडी जमवावी लागते. संकराची संकराशी जोडी जमली, तर पिल्लं बहुतेक भैकेर असतानाच मरतात.

दुसरं लाल पोटाच्या आणि पिवळ्या पोटाच्या बॉम्बिना बेडकांचं. एक सपाटीवरच्या टिकाऊ तळ्यांत राहतो, दुसरा डोंगराकडच्या लवकर आटणाऱ्या डबक्यांत, आणि या दुसऱ्याचे भैकेर झपाट्याने वाढतात. पोलंडमध्ये क्राकोजवळ दोघांचा संकरपट्टा जेमतेम सहा किलोमीटर रुंद आहे. जागा बदलली की जात बदलते, आणि मधल्या पट्ट्यात मिसळ.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. अमेरिकेतल्या कोरड्या मुलखात स्पेडफुट नावाचे बेडूक आहेत. त्यांतल्या एका जातीची मादी खोल पाण्यात आपल्याच जातीचा नर पत्करते, पण डबकं उथळ असेल तर दुसऱ्या जातीच्या नराकडे जाण्याची शक्यता वाढते. कारण तिच्या संकरित पिल्लांचा विकास लवकर होतो आणि डबकं आटायच्या आत ती बाहेर पडू शकतात. किंमतही आहे: संकरित नर वांझ, माद्यांची अंडी कमी. कॅरिन फेनिग यांचं हे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. ही गोष्ट त्या मुलखातली आहे, सड्यावर ती जशीच्या तशी लावू नका. पण डबक्याची खोली का मोजायची, हे यावरून कळतं.

आपल्याकडे कोणत्या जोडीकडे लक्ष द्यायचं? बैल बेडूक आणि शेतातला क्रिकेट बेडूक एकाच पाण्यात असतात खरे, पण त्यांचे वंश वेगळे. लक्ष ठेवायचं ते मिनर्वार्या वंशाच्या आतल्या आत. हे लहान, तपकिरी क्रिकेट बेडूक एकमेकांसारखे इतके दिसतात, की २००७ मध्ये मध्य पश्चिम घाटातून या गटातल्या एकदम चार नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. दिसण्यावरून जे एक वाटलं ते अनेक निघालं. तेव्हा तुमच्या डबक्यातला ‘मधलाच’ बेडूक ही एखादी तिसरी जात असू शकते, ही शक्यता पहिल्या दिवसापासून मनात असू द्या.

जागा: एक डबकं पुरत नाही

इथे बहुतेकांचं चुकतं. संशयाचं डबकं एक धरतात आणि त्यालाच मोजत बसतात. ज्या पाण्यावर दोन्ही जातींचे नर ओरडतात असं एक डबकं हवंच, पण जिथे फक्त पहिली ओरडते आणि जिथे फक्त दुसरी ओरडते अशी आणखी दोन तरी हवीत. शुद्ध जातीचे भैकेर किती दिवसांत किती वाढतात हे माहीत नसेल, तर मिसळीच्या वाढीबद्दल काय बोलणार?

तिन्ही डबकी होता होईल तो एकाच प्रकारची घ्या. सड्यावरची कातळातली डबकी उथळ असतात, उघडीप पडली की भराभर तापतात आणि आटतात. चिरेखाणीतलं पाणी खोल आणि गार, बाजू उभ्या, पण तिथेच हल्ली कातळावरचे आणि शेतातले बेडूक एकत्र येतात, म्हणून आपल्या प्रश्नासाठी ती मोलाची. खाण चालू असेल तर मालकाला विचारल्याशिवाय उतरू नका, आणि उभ्या कडेच्या खाणीत पावसात एकट्याने तर नकोच. भाताचे कुणगे लावणीच्या आधी टाळा. चिखलणीत सगळी अंडी मोडतात आणि नंतर पडणारा युरियाही भैकेरांना बाधतो. खाजणाजवळचं मचूळ पाणीही टाळलेलं बरं, कारण क्षारांमुळे वाढ मंदावते आणि तो आणखी एक घोळ.

हाताशी काय असावं

पांढरा प्लास्टिकचा ट्रे, बारीक जाळीचं हातजाळं, लॅमिनेट केलेला आलेख कागद, पाण्याचं थर्मामीटर, खुणा केलेली काठी, हस्तभिंग, शिसपेन्सिल आणि वही. पेनाची शाई आपल्या पावसात टिकत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी. आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट, हे ऐच्छिक समजू नका. सड्यावर फुरसं असतं, रात्री ते दगडासारखंच दिसतं. शिवाय भातशेतीच्या दिवसांत लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस या तापाचं) सावट असतं, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, आणि नंतर ताप आला तर पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

हाताला डास पळवणारं मलम लावलं असेल तर भैकेराला हात लावू नका, त्याची कातडी सगळं शोषते. एका डबक्यावरून दुसऱ्यावर जाताना बूट आणि जाळं घासून चिखल काढा, पाण्यापासून लांब ब्लीचच्या द्रावणात बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि वाळवा. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे. ती आपल्या बुटांनी पसरवायला नको.

आणि भैकेर घरी न्यायचे नाहीत. बाटलीत, टबात, शाळेच्या प्रयोगशाळेतही नाही. पकडून ठेवणं किंवा नमुने घेणं हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतं, त्याला वनविभागाची परवानगी लागते. खाली सांगितलेलं सगळं काम डबक्याच्या काठावर, भैकेर दोन-चार मिनिटं ट्रेमध्ये घेऊन होतं.

पहिली पायरी: रात्रीचे आवाज

मृगाचा पाऊस धरला की पहिल्या काही रात्री चुकवू नका. पिवळेधमक झालेले बैल बेडकाचे नर, गालाशी निळ्या पिशव्या फुगवून, याच रात्री दिसतात आणि त्यांचा बहुतेक कारभार या थोड्या रात्रींत उरकतो. क्रिकेट बेडूक मात्र तरणा-म्हातारा पाऊस ओलांडूनही पुन्हा पुन्हा अंडी घालतात. हा फरक पुढे फार कामाला येतो.

मोबाइलवर प्रत्येक आवाज निदान एक मिनिट ध्वनिमुद्रित करा आणि त्याच वेळचं हवेचं आणि पाण्याचं तापमान लिहा. गार रात्री तोच नर सावकाश ओरडतो, उबदार रात्री भरभर. तापमान लिहिलं नाही तर एकाच जातीच्या दोन रात्री दोन जाती वाटतात. कोणी कोणाला धरलं आहे तेही लिहा, जोडीचा वरून आणि बाजूने फोटो घ्या, आणि शक्य असेल तर ती जोडी अंडी कुठे घालते ती जागा काठी रोवून ठेवा. संकराबाबत तुमच्या वहीतला सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच: दोन वेगळ्या आवाजांचे पालक आणि त्यांचीच अंडी.

दुसरी पायरी: अंडी ओळखणं

भेकाची अंडी काळी, जेलीच्या लांब माळांत, गवताभोवती गुंडाळलेली. मायक्रोहायला या चिमुकल्या, निमुळत्या तोंडाच्या बेडकांची पाण्याच्या पृष्ठभागावर एका थरात पसरलेली. झाडबेडकाचा फेसाचा गोळा पाण्यावर झुकलेल्या फांदीला, पानाला किंवा टाकीच्या भिंतीला. क्रिकेट आणि बैल बेडकाची अंडी विखुरलेली किंवा लहान पुंजक्यांत, म्हणून शोधायला त्रासाची. आंबोलीकडच्या काही झुडूपबेडकांना भैकेर अवस्थाच नसते, अंड्यातून थेट पिल्लू निघतं. त्यांना या कामातून वगळा.

खुणेच्या पुंजक्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. न फळलेली किंवा मेलेली अंडी पांढुरकी, धूसर होतात आणि त्यांवर कापसासारखी बुरशी चढते. किती अंड्यांतली किती गेली ते मोजा. शेजारचा पुंजका निरोगी आणि हाच गेलेला असेल, तर नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. सगळेच पुंजके गेले असतील, तर दोष पाण्याचा.

तिसरी पायरी: वाढ वेगळी, विकास वेगळा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. वाढ म्हणजे माप, मिलिमीटर. विकास म्हणजे टप्पा: पाय फुटले का, बोटं सुटली का, शेपूट गेलं का. दोन्ही एकाच वेगाने चालत नाहीत. १९१२ मध्ये गुडर्नाच यांनी भैकेरांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले, तेव्हा त्यांचं वेळेआधीच रूपांतर होऊन चिमुकले बेडूक तयार झाले. टप्पे झरझर संपले, माप वाढलंच नाही. तापलेल्या डबक्यातही थोड्याफार प्रमाणात असंच घडतं.

टप्प्यांसाठी केनेथ गॉस्नर यांची १९६० ची ४६ पायऱ्यांची सारणी जगभर वापरतात. सगळ्या पायऱ्या पाठ करायची गरज नाही. बाहेरचे कल्ले झाकले जाऊन भैकेर स्वतः खाऊ लागतो ती २५ वी. २६ ते ३० मध्ये मागच्या पायाची कळी लांबत जाते. ३१ ते ३७ मध्ये पंजा आणि बोटं घडतात. ४२ व्या पायरीला पुढचे पाय बाहेर येतात, त्यानंतर तोंड रुंदावतं आणि शेपूट विरघळतं. ४६ म्हणजे पूर्ण पिल्लू.

दर तीन-चार दिवसांनी, शक्यतो सकाळी एकाच वेळी जा. उथळ कडेला, खोलात आणि गवतात अशा तिन्ही ठिकाणी जाळं फिरवा. नुसत्या कडेला फिरवलं तर बारकेच जास्त येतात. वीसेक भैकेर पुरे. एकेकाला थोड्या पाण्यासह ट्रेमध्ये घ्या, खाली आलेख कागद, वरून एक फोटो. बाजूने फोटोसाठी लहान पारदर्शक डबी. फोटोवरून एकूण लांबी, शेपटीशिवाय धडाची लांबी, शेपटीच्या पडद्याची उंची आणि गॉस्नर पायरी नंतर घरी बसून काढा. काठावर मोजत बसलात तर ट्रेमधलं पाणी तापतं. भैकेर त्याच पाण्यात सोडा. प्रत्येक भेटीला पाण्याची कमाल खोली, वरचं आणि तळाचं तापमान, आधीचे दिवस पाऊस की उघडीप, एवढं लिहायचं.

चौथी पायरी: पाण्याचे खेळ आधी वजा करा

आता तेच दोन मापांचे भैकेर. संकर म्हणण्याआधी ही कारणं एकेक करून तपासा.

दोन खेपा. क्रिकेट बेडकाने जूनच्या मध्याला आणि पुन्हा जुलैत अंडी घातली, तर डबक्यात दोन मापं असणारच. लहान भैकेर लहान आहेत आणि त्यांची पायरीही मागची आहे, तर ती धाकटी खेप. मापं वेगळी पण पायरी एकच, तेव्हा खरी उत्सुकता.

मांसाहार. बैल बेडकाचे भैकेर इतर भैकेरांना खातात, आपल्याच भावंडांनाही. अंग निमुळतं, जबडा मजबूत, पोहण्यात झडप. हा दांडगा भैकेर पाहून फसणारे पुष्कळ. भिंगाखाली तोंड पाहिलं की क्रिकेट बेडकाच्या गाळ खरवडणाऱ्या तोंडापेक्षा ते वेगळं दिसतं.

गर्दी. भैकेर फार झाले की सगळ्यांचीच वाढ मंदावते, आणि काही मागे पडलेले तर फारच मागे पडतात. डबकं आटत जातं तसा हा परिणाम वाढतो, कारण तेवढेच भैकेर कमी पाण्यात येतात.

ऊब आणि आटणं. विल्बर आणि कॉलिन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी आहे: एक किमान माप गाठल्यावर भैकेर जणू हिशोब करतो, वाढ चांगली चालू असेल तर पाण्यात थांबतो, मंदावली तर रूपांतर करून बाहेर पडतो. म्हणून सड्यावरची पिल्लं लहान आणि लवकर, चिरेखाणीतली मोठी आणि उशिरा, जात एकच असली तरी.

शत्रू. चतुराच्या अळ्या असलेल्या पाण्यात काही जातींच्या भैकेरांच्या शेपटीचा पडदा उंच होतो, रंगही बदलतो. दोन डबक्यांतल्या भैकेरांच्या शेपट्या वेगळ्या दिसल्या, तर जाळ्यात चतुराच्या अळ्या किती आल्या ते आधी पाहा.

एवढं सगळं वजा करूनही काही उरत असेल, तर पुढे जा.

पाचवी पायरी: संशय धरावा असं काय

एकाच पुंजक्यातल्या अंड्यांचा मोठा भाग गेला आणि शेजारची तगली. उरलेल्या भैकेरांत वाकडी शेपूट, पाण्याने फुगलेलं पोट, एकाच पायरीवर अडकून राहणं असं दिसतं, आणि त्याच पाण्यातले इतर मात्र नीट वाढताहेत. तोंडातल्या बारीक दातांच्या ओळी आणि चोचीचा आकार एकेकाच जातीच्या त्या दोन शुद्ध डबक्यांतल्या भैकेरांशी जुळत नाही. आणि त्या डबक्यावर असा एखादा नर ओरडतो, ज्याचा आवाज दोघांच्या मधला आहे, तापमान सारखं असतानासुद्धा. यांतल्या एकाने काही सिद्ध होत नाही. तीन-चार एकत्र आल्या तर तज्ज्ञाला दाखवण्याइतकं बळ येतं. संकर नेहमी दोघांच्या बरोबर मधलाच दिसेल असंही नाही. काही संकर एका पालकासारखे दिसतात, काही दोघांपेक्षा मोठे होतात.

डीएनए तपासणीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बेडकांची जात ओळखायला बहुतेकदा १६एस नावाचा मायटोकॉन्ड्रियातला जनुक वापरतात. मायटोकॉन्ड्रिया येतात आईकडून. म्हणजे संकरित पिल्लाची ही चाचणी केली, तर उत्तर आईच्या जातीचंच येणार, बापाचा पत्ताच नाही. संकर पकडायला केंद्रकातले जनुक तपासावे लागतात, दोन्ही पालकजातींच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून. पुढच्या पिढ्यांत मूळ जातीशी पुन्हा मिसळ झाली असेल, तर एखाद-दुसऱ्या जनुकाने भागत नाही, पुष्कळ लागतात. हे काम परवानगी असलेल्या संशोधकांचं. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी किंवा पुण्याचं भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं केंद्र इथून सुरुवात करता येते. तुमच्या नोंदी नीट असतील तर ते ऐकून घेतात. नुसता फोटो आणि ‘संकर?’ असं लिहिलेलं पत्र कोण वाचणार?

सहावी पायरी: काठावरची पिल्लं

पुढचे पाय आल्यापासून शेपूट जाईपर्यंत पिल्लू खात नाही. तोंड आणि आतडं बदलत असतं, वजन घटतं. म्हणून पाण्यातल्या मोठ्या भैकेरापेक्षा काठावरचं पिल्लू लहान दिसलं तर दचकू नका. या दिवसांत काठावर पाय जपून ठेवा, गवतात शेकड्याने असतात.

पिल्लांची लांबी तोंडाच्या टोकापासून मागच्या छिद्रापर्यंत धरायची, शेजारी पट्टी ठेवून फोटोतून. बोट कापून किंवा रंग लावून खूण करायची नाही. पाठीवरचे डाग आणि रेषा फोटोत नीट आल्या, तर तेच पिल्लू पुन्हा ओळखता येतं. कोणत्या तारखेला पहिलं पिल्लू बाहेर आलं, शेवटचं कधी, आणि बाहेर पडताना त्यांचं माप किती, हे तिन्ही डबक्यांसाठी शेजारी शेजारी लिहा. मिश्र डबक्याचं माप दोन्ही शुद्ध डबक्यांच्या मर्यादेबाहेर पडतं का, ते इथे कळतं. खोली आणि तापमानाचे आकडे बाजूला असल्याशिवाय ही तुलना करू नका.

हस्ताच्या पावसापर्यंत वही भरते. आवाज, फोटो आणि मापं आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकता येतात. जातीची खात्री नसेल तर ‘मिनर्वार्या’ इतकंच लिहा, टिपणात संशयाची कारणं द्या, ‘संकर’ हा शिक्का मारू नका. बैल बेडकांच्या डबक्याचं अचूक ठिकाण मात्र झाकून ठेवा. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, तरी पहिल्या पावसात बॅटरी आणि पोतं घेऊन फिरणारे अजून आहेत, आणि मोबाइल त्यांच्याकडेही असतो.